माश्या जगवणारी माणसं

सोमवार हा स्वयंपाकाचा दिवस. मोठ्या पातेल्यात पाण्याला उकळी फुटली की आधी अगर, मग साखर, मग मक्याचं पीठ आणि यीस्ट. पीठ थेट टाकलं तर गुठळ्या होतात, म्हणून ते गार पाण्यात कालवून बारीक धारेनं सोडायचं. हात थांबला की खाली लागलंच. शिजून जरा निवलं की बुरशी धरू नये म्हणून प्रोपिओनिक आम्ल आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं मिथाइल पॅराबेन घालायचं. घाई केली तर आम्ल वाफेबरोबर उडून जातं आणि खोलीभर सगळ्यांना ठसका लागतो. उशीर केला तर अगर आवळून येतं आणि औषध नीट मिसळत नाही. मग शेकडो नळ्यांमध्ये बोटभर ओतायचं, वरून मलमलीचं कापड टाकून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी एकेका नळीला कापसाचं बूच लावायचं.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतली ही खोली. इथला स्वयंपाक माणसांसाठी नाही, माश्यांसाठी आहे. तो करणारे काका पीठ-साखर काट्यावर मोजून घेतात, पण पुढचा सगळा कारभार डावाला लागणाऱ्या जडपणावर चालतो. पावसाळ्यात नळ्या लवकर सुकत नाहीत, काचेवर पाणी धरतं आणि माश्यांचे पंख त्याला चिकटतात. एप्रिल-मे महिन्यांत उलटं होतं. अन्न आक्रसून काचेपासून सुटतं आणि नळी उपडी केली की अख्खी वडी माश्यांच्या अंगावर पडते. वरच्या मजल्यावर पीएचडी करणाऱ्या मुलामुलींचं वर्ष या पातेल्यावर अवलंबून असतं. एका आठवड्याचं अन्न बिघडलं तर अळ्यांची वाढ लांबते, पिढी पुढे सरकते आणि कुणाचा तरी तीन महिन्यांचा हिशेब कोलमडतो.

ही माशी म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोटाळणारं चिलट. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर, लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. आंबा-पेरूच्या बागायतदाराला रडवणारी फळमाशी वेगळ्या कुळातली. हिचा उपद्रव जवळजवळ नाहीच, आणि उपयोग मात्र शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. गुणसूत्रांच्या चारच जोड्या, २५ अंश तापमानाला दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण माशी, आणि एका मादीपासून शेकडो पिल्लं. माणसाच्या रोगांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांची भावंडं या माशीत सापडतात. १९३३, १९४६, १९९५, २०११ आणि २०१७ या वर्षांची वैद्यकातली नोबेल पारितोषिकं पूर्णपणे किंवा काही अंशी हिच्यावरच्या कामाला मिळाली.

त्या कामाची कहाणी पुष्कळदा सांगून झाली आहे. हा लेख माशीभोवती जमलेल्या माणसांचा आहे. ती सकाळी किती वाजता उठतात, कुणाकडून काय मागून आणतात, कशावरून भांडतात आणि त्यांच्यात श्रेय कसं वाटलं जातं, एवढंच इथे पाहायचं आहे.

जी गोठवता येत नाही

माश्यांच्या प्रयोगशाळेत ‘स्टॉक’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. एखादा विशिष्ट जनुकीय बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकवून ठेवलेलं माश्यांचं कूळ म्हणजे स्टॉक. एखाद्या मध्यम आकाराच्या प्रयोगशाळेतही असे शेकडो स्टॉक असतात. फळ्यांवर ओळीने ट्रे, ट्रेमध्ये नळ्या, नळीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तिरप्या रेघा आणि अर्धविरामांनी भरलेली जनुकीय ओळख, खाली तारीख.

जिवाणू उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. उंदरांचे भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवता येतात. माशीला ही सोय नाही. तिचे भ्रूण गोठवून पुन्हा जिवंत करण्याची चांगली पद्धत अलीकडे निघाली आहे, पण ती रोजच्या वापरात अजून रुळलेली नाही. त्यामुळे प्रत्येक स्टॉक दर दोन-चार आठवड्यांनी हाताने नव्या नळीत घालावा लागतो. जुनी नळी गादीवर हलकेच आपटायची, माश्या तळाशी गेल्या की बूच काढून तिच्यावर नवी नळी उपडी धरायची, दोन्ही एकदम उलट्या करून पुन्हा आपटायचं. याला सगळे ‘फ्लिप करणं’ म्हणतात. सरावलेला माणूस हे काही सेकंदांत उरकतो. नवखा माणूस हवेत पाच-सात माश्या सोडतो आणि मग त्या दुपारी कुणाच्या तरी चहाच्या कपात सापडतात.

विरजणाचं जे असतं तेच इथे आहे. रोज नवं लावलं तरच ते टिकतं, आणि आपलं बिघडलं तर ज्या शेजारणीला आपण कधीकाळी दिलं होतं तिच्याकडूनच परत आणावं लागतं. या समाजाची सगळी रीतभात या एका अडचणीतून निघाली आहे. कागद, आकडे, कल्पना कुलपात ठेवता येतात, नळीतली माशी नाही. वातानुकूलन बंद पडलं, अन्नाला बुरशी आली, सुट्टीत कुणी फ्लिप करायला विसरलं, की वीस वर्षं सांभाळलेलं कूळ एका आठवड्यात संपतं. दुसऱ्या कुणाकडे त्याची प्रत असली तरच ते वाचतं. म्हणून जो देतो त्याचं टिकतं. बाहेरून हे औदार्य वाटतं, पण आतून पाहिलं तर तो विम्याचा हप्ता आहे.

आठ तासांचं घड्याळ

माशीवाल्यांचा दिवस माशी ठरवते. प्रयोगासाठी दोन स्टॉकचा संकर करायचा तर मादी कोरी, म्हणजे नराशी संग न झालेली हवी. कारण मादी एकदा मिळालेलं वीर्य साठवून ठेवते आणि पुढे बरेच दिवस वापरते. कोशातून बाहेर आल्यावर २५ अंशांना साधारण आठ तास मादी नराला जवळ येऊ देत नाही. त्या आठ तासांत तिला वेगळं काढायचं. म्हणून सकाळी आल्याआल्या नळीतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या, दुपारी नव्याने जन्मलेल्या माद्या वेचायच्या, संध्याकाळी पुन्हा एकदा. रात्री नळ्या १८ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये सरकवल्या की माशीचं घड्याळ मंदावतं, मुदत जवळपास दुपटीने वाढते आणि माणसाला झोप मिळते. वसतिगृहातली मुलं रात्री जेवून पुन्हा प्रयोगशाळेकडे निघालेली दिसली तर बहुधा याच कामासाठी.

प्रत्यक्ष वेचणी पाहण्यासारखी असते. छिद्रांच्या पांढऱ्या पॅडमधून कार्बन डायऑक्साइड येत असतो. त्यावर नळी उपडी केली की माश्या काही क्षणांत निपचित पडतात. वर सूक्ष्मदर्शक, हातात चित्रकाराचा सगळ्यात बारीक कुंचला. नराच्या पोटाचं टोक काळं आणि पुढच्या पायांवर बारीक काळा कंगवा. मादीचं पोट टोकदार, पट्ट्यापट्ट्यांचं. नुकतीच जन्मलेली असेल तर अंग फिकट, आणि पोटाच्या कातडीतून आत एक काळपट ठिपका दिसतो. तो कोशात जाण्याआधीच्या शेवटच्या अन्नाचा. तो दिसला की मादी कोरी असल्याची खात्री पटते. कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात नर डावीकडे, मादी उजवीकडे, नको असलेल्या सगळ्या साबणपाण्याच्या नाहीतर अल्कोहोलच्या बाटलीत. त्या बाटलीला जगभर ‘मॉर्ग’, म्हणजे शवागार म्हणतात.

पुढची पायरी खुणा वाचण्याची. एखादं जनुक बिघडलं की माशी जगतच नसेल तर ते बिघडलेलं जनुक टिकवायचं कसं? त्यासाठी ‘बॅलन्सर’ नावाची, ठिकठिकाणी उलटीपालटी केलेली गुणसूत्रं वापरतात. जोडीतलं दुसरं गुणसूत्र बॅलन्सर असलं की दोघांमध्ये अदलाबदल होत नाही आणि बिघाड आहे तसा पुढच्या पिढीत जातो. प्रत्येक बॅलन्सरला डोळ्यांना दिसणारी खूण जोडलेली असते. एकाचे पंख वर वळलेले, एकाच्या पाठीवरचे केस तोकडे, एकाची अळी आखूड नि जाड. त्यामुळे टेबलावरचं बोलणं बाहेरच्याला अगम्य होतं. “कर्ली फेक, सरळ पंखवाल्या ठेव, आणि स्टबल दिसली तर मला दाखव.” सहा महिन्यांत हे डोळ्यांत भिनतं. तोवर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षाची ताई किंवा दादा शेजारी बसून शिकवतात. पुस्तकातून हे येत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांना तेवढा वेळ नसतो, आणि प्रकल्पांचे अर्ज लिहिता लिहिता कित्येकांचा कुंचला सुटून वर्षं झालेली असतात.

माशीला रविवार कळत नाही, दिवाळीही कळत नाही. उत्क्रांतीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत तर पिढीचा दिवस ठरलेला असतो. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात अमिताभ जोशी यांच्या प्रयोगशाळेने माश्यांचे समूह शेकडो पिढ्या ठरल्या वेळापत्रकावर चालवले आहेत. त्यातल्या मूळ समूहांची पिढी बरोबर २१ दिवसांची. एकविसावा दिवस लक्ष्मीपूजनाला आला तर अंडी त्याच दिवशी गोळा करायची, कारण एक दिवस चुकला तर प्रयोगाची अटच मोडते. सणाच्या पाळ्या महिनाभर आधी लागतात. लांबच्या गावचे विद्यार्थी घरी जातात, जवळचे थांबतात, पुढच्या सणाला अदलाबदल होते. घरून फोन येतो, “सुट्टीच्या दिवशीसुद्धा माश्या मारताय का?” या विनोदावर हसणं अजून कुणीच सोडलेलं नाही, कारण नातेवाईक तो दर वर्षी नव्याने करतात.

न्यूयॉर्कची एक खोली

या संसाराची सुरुवात कोलंबिया विद्यापीठातल्या एका लहानशा खोलीत झाली. थॉमस हंट मॉर्गन तिथे दुधाच्या बाटल्यांत माश्या वाढवत असे. १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये त्याला एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला. त्याच्या वंशावळीतून हे लक्षण लिंगाशी बांधलेलं असल्याचं कळलं आणि जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात या कल्पनेला बळकट पुरावा मिळाला. त्या ‘फ्लाय रूम’मध्ये काम करणारी बहुतेक मुलं विशीतली होती. आल्फ्रेड स्टर्टव्हंटने पदवीचा विद्यार्थी असताना जनुकांचा पहिला नकाशा काढला, तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅल्व्हिन ब्रिजेस बाटल्या धुण्याच्या कामावर आला होता. धुताना जाड काचेतून त्याला वेगळ्या रंगाच्या डोळ्यांची माशी दिसली, आणि त्याचं टेबल बदललं.

मॉर्गनच्या खोलीने एक रीत पाडली. नवा म्युटंट, म्हणजे जनुकीय बदल झालेली माशी, सापडला की जो मागेल त्याला पाठवायचा, मग त्यावर आपला शोधनिबंध छापून झालेला असो वा नसो. इतिहासकार रॉबर्ट कोहलर यांनी या मंडळींवर लिहिलेल्या पुस्तकात (१९९४) ही देवाणघेवाण म्हणजे त्यांचं नैतिक अर्थकारण होतं, अशी मांडणी केली आहे. माश्या इतक्या वेगाने नवे म्युटंट देत होत्या की एका खोलीने त्या सगळ्यांना पुरं पडणं शक्यच नव्हतं. वाटून घेतलं नसतं तर काम बुडालं असतं.

१९३४ मध्ये ब्रिजेस आणि मिलिस्लाव्ह डेमेरेक यांनी ‘ड्रॉसोफिला इन्फर्मेशन सर्व्हिस’ ही पत्रिका सुरू केली. त्यात कोणाकडे कोणते स्टॉक आहेत याच्या याद्या, माणसांचे पत्ते, अन्नाच्या कृती, बुरशीवरचे उपाय. एक अट मात्र होती. इथे दिलेली माहिती लेखकाच्या संमतीशिवाय कुणी आपल्या निबंधात वापरायची नाही. अपुरं, कच्चं, न छापलेलं काम सगळ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर ठेवायचं आणि ते चोरीला जाणार नाही असं धरून चालायचं. आजही अनेकांना हे भाबडेपण वाटेल, पण ते चाललं.

सगळंच गोड नव्हतं. आपल्या कल्पना इतरांच्या नावावर गेल्या, ही खंत हर्मन मुलरने आयुष्यभर बाळगली. पुढे १९२७ मध्ये क्ष-किरणांनी म्युटेशन घडवता येतात हे त्याने दाखवलं आणि १९४६ चं नोबेल मिळवलं. मॉर्गनने १९३३ च्या नोबेलची रक्कम आपल्या, ब्रिजेसच्या आणि स्टर्टव्हंटच्या मुलांच्या शिक्षणासाठी वाटून दिली, पण पदकावर नाव एकट्याचंच राहिलं. म्युटंटांची नेमकी चित्रं काढणाऱ्या एडिथ वॉलेस आणि जोडलेल्या एक्स गुणसूत्रांचा अतिशय कामाचा स्टॉक शोधणाऱ्या लिलियन मॉर्गन यांची नावं माशीवाल्यांखेरीज कुणाला माहीत नसतात. माशी वाटण्यात ही खोली सढळ होती, श्रेय वाटण्यात तेवढी नव्हती. हा विषम हिशेब पुढच्या शंभर वर्षांतही मिटला नाही.

मॉस्को ते ब्लूमिंग्टन

मुलर १९२२ मध्ये मॉस्कोला गेला तेव्हा सामानात माश्यांच्या नळ्या होत्या. त्या नळ्यांवर सर्गेई चेत्वेरिकोव्हच्या भोवती तरुणांचा एक गट उभा राहिला. कुणाच्या तरी घरी जमायचं, निबंध वाचायचे, आरडाओरडा करत वाद घालायचे. १९२९ मध्ये चेत्वेरिकोव्हला अटक झाली आणि गट विखुरला. ऑगस्ट १९४८ मध्ये जनुकशास्त्र नाकारणाऱ्या लायसेन्कोच्या विजयानंतर सोव्हिएत संघात जनुकशास्त्रावरच बंदी आली. प्रयोगशाळा बंद झाल्या, माश्यांचे स्टॉक नष्ट करण्यात आले. दुसऱ्या वर्षी एका लोकप्रिय साप्ताहिकात माशीप्रेमी म्हणजे माणसांचे वैरी, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख आला. सत्तेला एखादं शास्त्र संपवायचं असेल तर ग्रंथालय जाळावं लागत नाही, दोन महिने नळ्या बदलू दिल्या नाहीत तरी पुरतं.

मॉर्गन १९२८ मध्ये कॅलिफोर्नियाला गेला, त्याच्याबरोबर माश्याही गेल्या. १९८० च्या दशकात तिथला संग्रह इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टनला आला. आज तिथल्या केंद्रात ७० हजारांहून अधिक वेगवेगळे स्टॉक जिवंत आहेत. त्यातले बहुतेक हातानेच फ्लिप होतात. मॉर्गनला दिसलेल्या पांढऱ्या डोळ्यांच्या त्या माशीचं कूळही तिथे आहे. एकदाही खंड न पडता, एका नळीतून दुसऱ्या नळीत, शंभराहून अधिक वर्षं. क्योटोला आणि व्हिएन्नालाही अशी मोठी केंद्रं आहेत. नाममात्र शुल्क भरून जगातली कुठलीही प्रयोगशाळा स्टॉक मागवू शकते. संशोधकांनी नवा स्टॉक तयार केला की त्याची एक प्रत केंद्राला द्यायची, हा अलिखित नियम. निबंध छापून झाल्यावर मागणाऱ्याला स्टॉक नाकारला तर नाव खराब होतं, आणि माशीवाल्यांत नाव खराब होणं परवडत नाही, कारण पुढच्या महिन्यात आपल्यालाच कुणाकडे तरी मागायचं असतं.

कुलाब्याची शाखा

भारतात माशी एका वाटेने आली नाही. एस. पी. रायचौधुरी एडिंबरोला मुलरकडे किरणोत्सर्गावर काम करून परतले आणि पुढे काशी हिंदू विद्यापीठात त्यांनी गुणसूत्रशास्त्राची परंपरा उभी केली. म्हैसूर विद्यापीठाने माश्यांचं स्टॉक सेंटर चालवलं. मुंबईची वाट होमी भाभांमुळे निघाली. १९६२ मध्ये त्यांनी ओबेद सिद्दिकींना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतलं. भौतिकी-गणितवाल्यांच्या त्या संस्थेत, कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठी, रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू झाला. सिद्दिकी आधी जिवाणूंवर काम करत. १९७० च्या दशकात कॅलटेकला सीमोर बेंझरबरोबर त्यांनी तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला आणि मुंबईला परतल्यावर वास आणि चवीचा प्रश्न हाती घेतला.

त्या गटात व्हेरॉनिका रॉड्रिग्ज आल्या. गोव्याच्या कुटुंबातल्या, जन्म केनियाचा, पदवी डब्लिनची, पीएचडी मुंबईची. वास आणि चव ओळखता न येणाऱ्या माश्या त्यांनी वेगळ्या काढल्या, त्यांच्यामागची जनुकं शोधली, आणि माशीच्या मेंदूपर्यंत वास कसा पोचतो हे पुढची तीन दशकं धुंडाळलं. २०१० मध्ये त्या गेल्या. सिद्दिकींनी १९९० च्या दशकात बेंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभं केलं. आज देशभर माश्यांवर काम करणारे अनेक प्राध्यापक या दोघांचे विद्यार्थी नाहीतर विद्यार्थ्यांचे विद्यार्थी आहेत. मुंबईच्या गटात तयार झालेले के. विजयराघवन पुढे भारत सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले. पुण्यात २००६ मध्ये आयसर सुरू झाल्यावर एल. एस. शशिधर यांच्यासारख्या माशीवाल्यांनी तिथला जीवशास्त्र विभाग घडवला. आघारकर संशोधन संस्थेतही माशी आहे.

अशा वंशावळीमुळे ओळख फार पटकन पटते. नवा विद्यार्थी भेटला की आधी “कुणाच्या लॅबमध्ये?” आणि मग “म्हणजे तुझ्या सरांच्या गाइड कोण?” दोन प्रश्नांत नातं लागतं. दर दोन वर्षांनी वेगळ्या शहरात भारतीय ड्रॉसोफिला परिषद भरते. तिथे पोस्टरसमोर उभे राहून मुलं आपलं अर्धवट काम निःसंकोच दाखवतात, आणि चहाच्या सुट्टीत खिशातून नळ्या निघतात. हैदराबादहून आणलेली पुण्याला, पुण्याची मोहालीला. परतीच्या गाडीत उशाशी कापसाची बुचं लावलेल्या नळ्यांची पिशवी आणि एसीचा डबा मिळाला नाही तर रात्रभर जिवाला घोर. कारण तापमान ३० अंशांच्या वर राहिलं की नर नापीक होतात आणि माशी वरून धडधाकट दिसली तरी पुढची पिढी येत नाही.

हातोहात नेण्यामागे कारण आहे. परदेशातून येणारं पार्सल परवाने, विमानतळ, कस्टम अशा टप्प्यांतून येतं. त्यात आठ-दहा दिवस उन्हाळ्यात अडकलं तर हाती मेलेल्या माश्या पडतात. म्हणून हवा असलेला स्टॉक देशात कुणाकडे आहे का, हे आधी पाहिलं जातं. आणलेला स्टॉक लगेच आत घेत नाहीत. वेगळ्या खोलीत काही आठवडे ठेवून तपासतात, कारण माश्यांच्या अंगावर किंवा अन्नात राहणारी बारीक कोळीवर्गीय कीड, माइट, एकदा आत शिरली की सगळे ट्रे पोखरते. ज्यांच्याकडे माइट आली त्यांनी ते स्वतःहून शेजारच्या प्रयोगशाळेला कळवायचं, आणि सगळं साफ होईपर्यंत त्यांच्या माश्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा शिष्टाचार आहे. लपवलं तर महिनाभरात कळतंच.

पगार, पावती आणि तळटीप

या मोकळेपणाच्या खाली पैशांची तंगी असते. पीएचडी करणाऱ्याची फेलोशिप जानेवारी २०१९ मध्ये दरमहा २५ हजारांवरून ३१ हजार आणि जानेवारी २०२३ पासून ३७ हजार झाली. दोन वर्षांनंतरच्या वरिष्ठ फेलोशिपला ४२ हजार. दोन्ही वेळा आधी देशभरच्या विद्यार्थ्यांनी निवेदनं दिली, मोर्चे काढले, तेव्हा कुठे वाढ झाली. आकडा कागदावर बरा दिसतो. तो दर महिन्याला हातात पडतोच असं नाही. कधी चार महिने काही नाही आणि मग सगळं एकदम. मधल्या काळात खोलीचं भाडं मित्राकडून, मेसचं बिल उधारीवर. वय २८-२९, घरी लग्नाचा विषय, आणि पीएचडीची मुदत संपल्यावर फेलोशिप थांबते पण माश्या थांबत नाहीत. शेवटचं वर्ष अनेकजण काढतात ते मार्गदर्शकांनी कुठल्यातरी प्रकल्पातून केलेल्या सोयीवर.

पातेलं ढवळणाऱ्या काकांची, नळ्या धुणाऱ्या मावशींची अवस्था याहून अवघड. अनेक संस्थांत ही माणसं कंत्राटी आहेत. ठेकेदार बदलला की नव्याने अर्ज. दहा-बारा वर्षं रोज हेच काम केलेला माणूस कागदोपत्री ‘अकुशल’ असतो. पण अन्नात गडबड झाली की प्राध्यापकांसकट सगळे त्याच्याकडे धाव घेतात. मक्याच्या पिठाचा ब्रँड बदलला का, यीस्ट जुनं होतं का, पाणी कमी उकळलं का, हे तो नळीतल्या पृष्ठभागाकडे पाहून सांगतो. निबंध छापून येतो तेव्हा शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात ‘फ्लाय फॅसिलिटी’ असा उल्लेख असतो. माणसाचं नाव असतंच असं नाही. कॅल्व्हिन ब्रिजेसला बाटल्या धुता धुता टेबल मिळालं, कारण तो मुळात विद्यापीठाचा विद्यार्थी होता. इथे नळ्या धुणाऱ्याला असा रस्ता नाही.

अर्थात समाज बदलतो आहे. काही प्रयोगशाळा आता आभारात नावं लिहितात. काही संस्थांनी माश्यांची मध्यवर्ती सोय उभारून तिथे पूर्णवेळ तंत्रज्ञ नेमले आहेत, त्यांना परिषदांना पाठवतात. पण ही त्या त्या प्रमुखाची सद्बुद्धी झाली, व्यवस्थेचा नियम नव्हे.

राखणीचा खर्च

जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये आशिया-पॅसिफिक ड्रॉसोफिला परिषद भरली होती. जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, युरोप-अमेरिकेतून लोक आले होते. दोन-अडीच महिन्यांत कोविडची टाळेबंदी लागली. जगभरच्या माश्यांच्या खोल्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला, नळ्या कोण बदलणार? प्रयोग थांबवता येत होते, राखण थांबवता येत नव्हती. वसतिगृहात अडकलेले एक-दोन विद्यार्थी, पास काढून येणारा एखादा तंत्रज्ञ, एवढ्यांवर शेकडो स्टॉक चालले. जे स्वतःचं काम करत होते ते सगळ्यांचं करू लागले. सगळे ट्रे १८ अंशांवर नेले, म्हणजे फेऱ्या निम्म्या झाल्या. कमी महत्त्वाचे स्टॉक सोडून दिले, आणि कोणते सोडायचे यावरून फोनवर वाद झाले. नंतर जे गेले ते एकमेकांकडून परत मिळवले गेले, निदान ज्यांनी कधीतरी दिले होते त्यांना मिळाले.

दुसरा धक्का रोगाचा नव्हता. माशीच्या प्रत्येक जनुकाची, प्रत्येक म्युटंटची, त्यावरच्या प्रत्येक निबंधाची नोंद ‘फ्लायबेस’ या माहितीकोशात असते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो चालू आहे. १९३४ च्या त्या पत्रिकेतल्या याद्यांचंच ते आजचं रूप. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्ड विद्यापीठाची अनुदानं रोखली त्यात त्या विद्यापीठामार्फत येणारा फ्लायबेसचा निधीही गेला, माणसांना कामावरून कमी करण्याची वेळ आली, आणि जगभरच्या प्रयोगशाळांना वर्गणीचं आवाहन करावं लागलं. लोकांनी दिली. गणपतीची वर्गणी गोळा करण्याची सवय असलेल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण गणपती दहा दिवसांचा असतो. माहितीकोश आणि स्टॉक सेंटर बाराही महिने लागतात, आणि वर्गणीवर कायमचा पगार चालत नाही.

विज्ञानाला पैसा देणाऱ्यांचा अर्ज उघडून पाहिला तर त्यात पहिला रकाना ‘नवं काय’ असा असतो. नवी कल्पना, नवं यंत्र, नवा निष्कर्ष. जुनं राखण्याचा रकाना नसतो, असला तर इतर खर्चात. शंभर वर्षं एक माशी जिवंत ठेवली, हे कुणाच्या वार्षिक अहवालात यश म्हणून लिहिता येत नाही. पण माणसाच्या पेशीतलं जनुक समजून घेण्यासाठी आज जो विद्यार्थी प्रयोग करतो तो त्या राखलेल्या नळ्यांशिवाय एक पाऊलही टाकू शकत नाही. माशीवाल्यांनी नळ्या वाटून घेण्याची व्यवस्था गरजेपोटी उभी केली आणि ती मोडू दिली नाही, कारण मोडली तर प्रत्येकाचं नुकसान होतं हे प्रत्येकाला दिसत होतं. पातेलं ढवळणाऱ्या, नळ्या धुणाऱ्या, याद्या सांभाळणाऱ्या माणसांच्या बाबतीत ते नुकसान इतकं चटकन दिसत नाही. ते दिसतं काका निवृत्त झाल्यावर किंवा ठेकेदाराने माणूस बदलल्यावर, सलग तीन आठवडे अन्न बिघडतं तेव्हा. तोवर वाट पाहण्यापेक्षा त्या माणसाला कायमची जागा देणं स्वस्त पडतं. माशीला लागू असलेला विम्याचा हिशेब माणसालाही लागू आहे, आणि तो मांडायला एकही नवा प्रयोग करावा लागत नाही.